ठाण्याच्या दमट हवेत क्यूची दुरुस्ती

“दादा, टिप परत निघाली. गोंद बदलून बघितला, टिकतच नाही.” पावसाळ्यात ठाणे आणि नवी मुंबईतल्या स्नूकर-पूल हॉलमधून क्यू, म्हणजे खेळायच्या काठ्या, आमच्याकडे दुरुस्तीला येतात तेव्हा बहुतेकदा हे वाक्य सोबत येतं. टिप म्हणजे क्यूच्या टोकाला चिकटवलेली चामड्याची गोल चकती. दोष गोंदाला दिलेला असतो. क्यूचं टोक उजेडात धरलं की खरं कारण गोंदाच्या खाली सापडतं.

स्नूकर क्यूचा शाफ्ट, म्हणजे पुढचा दांडा, बहुधा ॲश लाकडाचा असतो. टोकाला तो बारीक होऊन पितळी फेरूलमधून, म्हणजे नळीसारख्या कड्यातून, आरपार जातो, म्हणून टिप काढल्यावर मधे लाकडाची चकती आणि भोवती पितळेचं पातळ कडं दिसतं. पूल क्यूचा शाफ्ट मेपलचा, फेरूल पांढऱ्या फायबरचं किंवा प्लास्टिकचं. स्नूकरचं टोक साधारण ९.५ ते १० मिलिमीटरचं, पूलचं १२.५ ते १३ चं. एवढ्याशा जागेवर टिपचा तळ सगळीकडून टेकला पाहिजे. बोटावर सँडपेपर धरून टोक घासलं की कडा उतरतात, मधला भाग उंच राहतो आणि टिप फक्त मधोमध चिकटते. कडेला केसाएवढी फट उरते, दर फटक्याला टिप त्या फटीत दबते आणि थोड्याच दिवसांत सुटते. शिवाय लाकडाचा तो आडवा कापलेला शेवट पातळ गोंद पिऊन टाकतो, पितळ मात्र थेंबही पीत नाही. लाकडावर गोंद उरत नाही आणि पितळावर जास्त होतो.

म्हणून टिप बदलण्याच्या कामात सगळ्यात जास्त वेळ नव्या टिपला हात लावण्याआधीच जातो. जुनी टिप पक्कडीने पिरगाळून काढू नये, टोकाशी लाकूड चिरतं. आम्ही कटरच्या ब्लेडने फेरूलच्या वर १ मिलिमीटरभर चामडं ठेवून टिप कापतो आणि उरलेलं घासून काढतो. घासण्यासाठी जाड काचेवर १२० नंबरचा पेपर चिकटवलेला असतो. क्यू काटकोनात राहावा म्हणून सागाच्या एका ठोकळ्याला ड्रिल प्रेसवर सरळ भोक पाडलेलं आहे. त्या भोकातून शाफ्टचं टोक घालायचं, सैल वाटलं तर शाफ्टवर मास्किंग टेपचे एक-दोन वेढे द्यायचे, ठोकळा काचेवर पक्का धरायचा आणि क्यू स्वतःभोवती फिरवायचा. चामडं आणि जुना गोंद गेला की टोकावर पेन्सिलने फुली मारायची आणि २४० नंबरच्या पेपरवर दोन-चार फेरे द्यायचे. फुली सगळीकडून एकदम पुसली गेली तर टोक सपाट आहे. मधली पुसली आणि कडेची राहिली तर अजून काम बाकी आहे. पुसली की थांबायचं. स्नूकरचं फेरूल जेमतेम १० मिलिमीटर लांब असतं, दर वेळी थोडं थोडं उगाच घासलं तर काही वर्षांत फेरूलच संपतं.

टोक पुसायला पुष्कळ जण नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन वापरतात. पितळावर कापसाने जरासं फिरवलं तर चालतं. पूल क्यूच्या प्लास्टिक फेरूलवर अजिबात नाही, काही प्लास्टिक त्याने विरघळून चिकट होतात. शाफ्टवर ओघळलं तर पॉलिशही उडतं. आम्ही कोरड्या ब्लेडने खरवडणंच पसंत करतो.

टिपची निवड हा चवीचा मामला वाटतो, पण त्यातही मोजण्यासारखं बरंच आहे. एल्कमास्टरसारख्या एकसंध, दाबलेल्या चामड्याच्या टिपा स्वस्त आणि मऊ असतात, आणि एकाच बॉक्समध्ये त्यांचा कडकपणा कमी-जास्त निघतो. त्यामुळे नखाने दाबून, काचेवर टाकून आवाज ऐकून त्या आधी निवडाव्या लागतात. कामुई, मूरी यांसारख्या टिपा चामड्याचे पातळ थर एकावर एक चिकटवून केलेल्या असतात. त्या महाग पडतात, पण कमी पसरतात. आपल्याकडच्या हवेत मऊ टिप पावसाळ्यात आणखी मऊ पडते आणि कडेने छत्रीसारखी बाहेर येते. जो रोज दोन-तीन तास खेळतो त्याला आम्ही मध्यम कडक टिप सुचवतो. मऊच हवी असेल तर ती आधी व्हाइसमध्ये दोन सपाट पट्ट्यांमध्ये रात्रभर दाबून ठेवतो. उंची कमी होते, पण नंतरचं पसरणं बरंच आटोक्यात राहतं.

टिपचा तळही त्याच काचेवर २४० च्या पेपरने घासायचा, चमक जाऊन एकसारखा रखरखीत होईपर्यंत. थरांच्या टिपला खाली फायबरची चकती असेल तर ती घासून पार करू नये, फक्त खडबडीत करावी.

आता गोंद. इन्स्टंट ग्लू हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. जानेवारीत टिप मधोमध सरकवायला थोडी उसंत मिळते, जुलैत ती मिळत नाही. टिप वाकडी बसली तर ती सरकवण्याचा प्रयत्न करू नये, अर्धवट धरलेला गोंद तुटतो आणि सांधा कच्चा राहतो. काढून पुन्हा सगळं साफ करायचं. फार दमट दिवशी गोंदाभोवती पांढरट धूसर थर येतो तो याच ओलाव्यामुळे, त्या दिवशी खोलीत एसी अर्धा तास चालवून मगच बाटली उघडावी. बाटली फ्रिजमध्ये ठेवत असाल तर बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, थंड बाटली उघडली की आत पाणी धरतं. आम्ही जेल प्रकारचा गोंद वापरतो, कारण तो लाकडात आणि चामड्यात लगेच शिरत नाही. पातळ गोंद टिपमध्ये वर चढला की चामडं काचेसारखं कडक होतं, चॉक (टिप घसरू नये म्हणून लावायची खडूची पूड) धरत नाही आणि मिसक्यू होतो, म्हणजे टिप बॉलवरून घसरते.

मोहरीएवढा थेंब पुरतो. टिप मधोमध ठेवायची, क्यू उलटा करून सपाट लाकडी फळीवर टेकवायचा आणि स्वतःचं अर्धं वजन टाकून एक मिनिट न हलता दाबून धरायचा. मग किमान चार तास, शक्यतो रात्रभर, हात लावायचा नाही. संध्याकाळच्या मॅचसाठी दुपारी टिप लावून मागणारे खूप असतात. त्यांना आम्ही हॉलचा क्यू घेऊन खेळायला सांगतो.

कडा कापताना फेरूलवर मास्किंग टेपचे दोन वेढे हवेत. क्यू उलटा धरून टिप कडक फळीवर टेकवायची आणि ब्लेड फेरूलकडून फळीकडे, थोडं थोडं चामडं सोलत न्यायचं. ब्लेड नवं असावं. बोथट ब्लेड चामडं कापण्याऐवजी ओढतं आणि नुकताच धरलेला सांधा हलतो. नंतर २४०, ४००, ६०० या क्रमाने फक्त चामड्याची कड घासायची, पेपर टेपच्या खाली जाऊ द्यायचा नाही. शेवटी कड बोटाने किंचित ओली करून चामड्याच्या तुकड्याने जोरात घासायची. कड तपकिरी-काळी चकचकीत होते. हा कडक पापुद्रा टिपला बाजूने बांधून ठेवतो, म्हणून ही पायरी वाचवू नये.

वरची गोलाई रुपयाच्या नाण्याच्या कडेशी जुळवून बघतो. २०११ पासूनचं नाणं २० ते २२ मिलिमीटर व्यासाचं आहे आणि स्नूकर-पूल दोन्हींना ती गोलाई चालते. हिशेब असा की ९.५ मिलिमीटर टिपवर घुमट कडेपेक्षा साधारण १ मिलिमीटर उंच येतो, १३ मिलिमीटरवर साधारण २. घुमटाखाली कडेची सरळ भिंत अडीच-तीन मिलिमीटर राहिली पाहिजे. ती झिजून १ मिलिमीटरच्या आत आली की टिप बदलायची वेळ झाली, मग वरून कितीही छान दिसो. सँडपेपरने गोलाई देताना दाब हलका हवा. सुरुवातीच्या काही फ्रेममध्ये (डावांमध्ये) चामडं बसतं आणि थोडं पसरतं, तेव्हा कड पुन्हा एकदा साफ करून घ्यावी. क्यू परत देताना हे आम्ही आवर्जून सांगतो, कारण तो पसारा तसाच राहिला तर पुढे वाढतच जातो.

टिप ठीक असूनही फटक्याला टिक असा आवाज येतो, ही दुसरी नेहमीची तक्रार. आवाज नेमका कुठून येतो ते शोधायला क्यूचे दोन भाग सुटे करतो. शाफ्ट मधे सैल धरून टोकावर बोटाने टिचकी मारायची, मग बटवर, म्हणजे क्यूच्या मागच्या भागावर. शाफ्ट एकटा वाजला तर टिप किंवा फेरूल. बट वाजला तर मागचं रबर सैल असतं किंवा आतला वजनाचा बोल्ट, तो रबर काढून ॲलन कीने आवळला की काम संपतं. दोन्ही गप्प आणि जोडल्यावरच आवाज, तर जॉइंट. जॉइंटच्या आट्यांमध्ये चॉकची धूळ आणि हिरवट थर साठलेला असतो. टूथब्रशने कोरडं साफ करून पितळी आट्यांना मेणाचा हात लावावा. तेल नको, ते लाकडात उतरतं. जॉइंट हाताने बसेल तेवढाच आवळायचा.

फेरूल ढिलं होण्यामागे पुन्हा हवाच. लाकूड लांबीत जवळपास बदलत नाही, जाडीत बदलतं. पावसाळ्यात पितळाच्या आत ते फुगून दाबलं जातं, आणि हिवाळ्यात किंवा सतत एसीत राहिलं की आकसतं. असं काही वर्षं चाललं की गोंदाचा थर तुटतो. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये पितळेचं काम करणारे लेथ पुष्कळ आहेत आणि फेरूल तिथे माप देऊन करून मिळतं. पण शाफ्ट लेथच्या लोखंडी चकमध्ये धरू देऊ नये, लाकडावर जबड्यांचे ठसे उमटतात. आम्ही नायलॉनच्या दुभागलेल्या नळीत शाफ्ट धरून लेथवर घेतो. जुनं फेरूल सोल्डरिंग आयर्नने जरा तापवलं की आतला इपॉक्सी मऊ पडतो आणि ते सरळ ओढून निघतं. लाकूड करपण्याइतकं तापवू नये. नवं फेरूल आधी कोरडं बसवून बघायचं. खांद्याशी, म्हणजे जिथे लाकडाची जाडी बदलते तिथे, उजेड दिसता कामा नये. आतल्या लाकडावर लांबीच्या दिशेने एक बारीक चर पाडायची. चर नसेल तर दाबताना अडकलेली हवा आणि जास्तीचा गोंद फेरूलला परत मागे ढकलतात, आणि सकाळी ते अर्धा मिलिमीटर वर आलेलं दिसतं. इथे इन्स्टंट ग्लू नको. सावकाश घट्ट होणारा ॲराल्डाइट, समान भाग, आणि पूर्ण २४ तास.

शाफ्टवरचे खड्डे हे सगळ्यात समाधान देणारं काम. क्यू टेबलाच्या कडेवर आपटला की लाकडाचे तंतू दबतात, तुटत नाहीत. त्यांना ओलावा आणि ऊब मिळाली की ते पुन्हा वर येतात. टिश्यू पेपरचा खड्ड्याएवढाच तुकडा ओला करून त्यावर ठेवायचा आणि वरून सोल्डरिंग आयर्नचं किंवा इस्त्रीचं टोक दोन-तीन सेकंद टेकवायचं. वाफ आत जाते. दोन-तीन वेळा केलं की खड्डा भरतो. मग लाकूड एक दिवस वाळू द्यायचं आणि १००० नंबरच्या पेपरने तंतूंच्या दिशेने हलकं पुसायचं. शाफ्टवर लॅकर असेल तर पाणी आत जातच नाही, तेवढ्या जागेवरचा थर आधी काढावा लागतो. तंतू कापले गेले असतील, नखाला धार लागत असेल, तर वाफेने काही होणार नाही. तिथे गोंदाचा बारीक थेंब भरून सपाट करतात.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. हात चिकट लागतो म्हणून खेळाडू ३२० किंवा ४०० चा पेपर घेऊन आठवड्याला शाफ्ट घासतात. चिकटपणा घामाचा आणि चॉकचा असतो, लाकडाचा नाही. घट्ट पिळलेल्या मायक्रोफायबर कापडाने पुसून लगेच कोरडा केला तर तो जातो. घासून शाफ्ट बारीक होत जातो, क्यूचा स्वभावच बदलतो, आणि गेलेलं लाकूड कोणताही कारागीर परत लावून देऊ शकत नाही. पावडरही टाळा. घामात मिसळून तिचा लगदा होतो आणि तो टेबलाच्या कापडावर उतरतो.

ॲशच्या शाफ्टला जवसाचं तेल चांगलं, पण आपल्याकडे ते नोव्हेंबर ते मे या काळातच द्यावं. हे तेल हवेतल्या ऑक्सिजनने घट्ट होतं, पावसाळ्यात ते दिवसेंदिवस चिकट राहतं. कच्चं तेल फार सावकाश वाळतं, बॉइल्ड लवकर. चार-पाच थेंब कापडावर घेऊन शाफ्टभर चोळायचे, पंधरा मिनिटांनी दुसऱ्या कोरड्या कापडाने सगळं पुसून टाकायचं, दोन दिवस उभा ठेवायचा. फेरूल आणि टिपपासून तेल दूर ठेवावं. तेलाचं कापड चुरगाळून डब्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गोळा झालेलं कापड आपोआप पेट घेऊ शकतं. ते मोकळ्या हवेत एकेरी पसरून कडक वाळू द्या किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. मेपलच्या शाफ्टला हे तेल लागत नाही. त्याला सीलर आणि वर कारनॉबा मेणाचा हात पुरतो.

वाकलेला क्यू सरळ करून द्या, असं सांगणाऱ्यांना आम्ही आधी क्यू खरंच वाकलाय का ते दाखवतो. टेबलावर लोळवून बघणं पुरेसं नाही, हाताने रंधलेल्या शाफ्टचा उतार कमी-जास्त असला तरी तो लोळताना उड्या मारतो. शाफ्ट आणि बट वेगवेगळे लोळवा, मग डोळ्याला लावून फिरवत लांबीवरून बघा. किंचित वळण खेळाला बाधत नाही, विशेषतः स्नूकरमध्ये, कारण तिथे ॲशच्या बाणासारख्या रेषा वर ठेवून क्यू दर वेळी एकाच बाजूने धरतात. उष्णता देऊन वाकवून सरळ केलेला शाफ्ट पुढच्या पावसाळ्यात बहुधा परत जातो, त्यामुळे त्या कामाची हमी आम्ही देत नाही.

वळण टाळणं मात्र हातात आहे. क्यू भिंतीला तिरका टेकवून ठेवू नये. अगदी उभा किंवा पूर्ण आडवा ठेवावा. इमारतीच्या बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट पावसाळ्यात ओलं राहतं, क्यू आतल्या भिंतीच्या कपाटात ठेवा. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तर कधीच नको. वाशीच्या एसी हॉलमधून बाहेर पडून पावसात ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला येणाऱ्याने केस घरी पोचल्यावर लगेच उघडू नये. थंड लाकडावर आणि पितळावर पाणी धरतं, अर्धा तास तशीच बंद राहू द्या. केसमध्ये सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवाव्या आणि रंग बदलला की ओव्हनमध्ये वाळवून परत वापराव्या.

टेबलाचं काम करायला हॉलवरच जावं लागतं. पूर्ण मापाच्या स्नूकर टेबलाखाली स्लेटच्या पाच लाद्या असतात आणि एकूण वजन टनाच्या वर जातं. नवी मुंबईतल्या बऱ्याच जागांमध्ये टेबलं टाइल्सवर उभी आहेत. पायाखालची टाइल पोकळ असेल तर ती दबते, म्हणून पातळी घेण्याआधी आम्ही प्रत्येक पायाजवळ टाइल ठोकून आवाज ऐकतो. सुताराची साधी लेव्हल पट्टी इथे उपयोगाची नाही. मीटरला ०.०२ मिलिमीटर फरक दाखवणारी मशीन-शॉपची लेव्हल लागते, आधी प्रत्येक लादी, मग सांध्यांवरून आडवी. लाद्यांमधला सांधा मधमाश्यांच्या मेणाने किंवा पुट्टीने भरलेला असतो. पावसाळ्यात खालची लाकडी चौकट हलली की पुट्टीला तडा जातो आणि कापडावरून हात फिरवताना बारीक रेघ जाणवते. ती कापड काढल्याशिवाय दुरुस्त होत नाही.

स्नूकरच्या लोकरी कापडाची लव बॉल्ककडून, म्हणजे पहिला फटका मारतात त्या टोकाकडून, काळ्या बॉलच्या दिशेने बसलेली असते. ब्रश आणि इस्त्री दोन्ही त्याच दिशेने, सरळ पट्ट्यांत. आधी ब्रश, मग इस्त्री. धूळ राहिली तर इस्त्रीने ती कापडात दाबली जाते. इस्त्री कोरडी, वाफेशिवाय, आणि एका जागी थांबवायची नाही. पूलचं सिमोनिससारखं विणीचं कापड बिनलवीचं असतं, त्याला इस्त्री लागत नाही. व्हॅक्यूम आणि किंचित ओलसर कापड पुरे. पावसाळ्यात कापड ओलावा धरून सैल आणि संथ होतं. हॉल बंद असतानाही डीह्युमिडिफायर चालू ठेवणाऱ्या मालकांची कापडं स्पष्टपणे जास्त टिकतात.

कुशनचं, म्हणजे टेबलाच्या कडेच्या गादीचं, रबर खराब झालंय का ते हाताने नाही, कानाने कळतं. एकाच जोरात बॉल शेजारशेजारच्या जागी मारत जा; जिथे आवाज मेलेला येतो तिथे बहुतेक वेळा रबर लाकडापासून सुटलेलं असतं. पूलमध्ये कुशनच्या नाकाची (बॉलला लागणाऱ्या कडेची) उंची बॉलच्या व्यासाच्या ६२.५ ते ६४.५ टक्के हवी, म्हणजे ५७.१५ मिलिमीटरच्या बॉलला सुमारे ३६ मिलिमीटर. जाड कापड घातलं किंवा रबर बदललं की हे माप पुन्हा घ्यावं. नाक खाली आलं तर बॉल उडतो, वर गेलं तर बॉल स्लेटवर दाबला जाऊन मरतो.

बॉल धुवायला कोमट पाणी, भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब आणि मऊ कापड. ब्लीच नको, घासणीची पावडर नको, तिच्या ओरखड्यांत चॉक बसतो आणि मग तो बॉल कापड झिजवतो. वर्षातून एकदा व्हर्निअर आणि साधा डिजिटल काटा काढा. स्नूकरचा बॉल ५२.५ मिलिमीटरचा, ०.०५ च्या फरकात, आणि एका सेटमधल्या बॉलच्या वजनांत ३ ग्रॅमपेक्षा जास्त अंतर नको. पूलमध्ये पांढरा बॉल सगळ्यात आधी झिजतो, कारण दर फटक्याला तोच लागतो. तो इतरांपेक्षा लहान भरला तर तेवढा एकच बदलावा, त्याच कंपनीचा आणि त्याच मालिकेचा.